मान राजाचा, ठराव गावाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका तरुणाचं पत्र वाचलं. आमदार फुटतात, पक्षाचं चिन्ह कोर्टात जातं, या सगळ्यांच्या वर इंग्लंडसारखा एक राजा असता तर त्याने यांचे कान उपटले असते, असं त्यांनी लिहिलंय. त्यांचा संताप मला कळतो. पण इंग्लंडचा राजा कान उपटत नाही. २०१९ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी पार्लमेंट पाच आठवडे बंद ठेवण्याचा सल्ला दिला आणि राणी एलिझाबेथ यांनी तो मानला. तो सल्लाच बेकायदा होता, असं २४ सप्टेंबरला सांगितलं ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने. राजाच्या संमतीशिवाय तिथे कायदा होत नाही हे खरं, पण संमती नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ चा, राणी ॲनच्या वेळचा, आणि तोही मंत्र्यांच्याच सल्ल्याने.

मग राजा ठेवलाय कशाला, असं कोणीही विचारेल. याचं उत्तर मला आमच्या गावात मिळालं.

मी आटपाडी तालुक्यातल्या एका लहान गावची पाच वर्षं सरपंच होते. गावात पूर्वीच्या पाटलांचा वाडा आहे. यात्रेत पालखीला पहिला खांदा त्या घराचा, मानाचा नारळ त्यांचा. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पाण्याची टाकी वरच्या आळीला बांधायची की खालच्या, यावरून गाव दोन महिने धुमसत होतं, तेव्हा मीच थकून वाड्यावर गेले. म्हटलं, "आबा, तुम्ही एक शब्द टाका, गाव ऐकंल." ते म्हणाले, "सरपंचबाई, आज मी एका आळीकडनं बोललो, तर उद्या दुसरी आळी पालखीला हात लावायची न्हाई. ग्रामसभा घ्या." ग्रामसभा घेतली. आबा सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले आणि शेवटपर्यंत गप्प राहिले. टाकी वरच्या आळीला झाली. त्या वर्षी पालखीला दोन्ही आळ्या होत्या.

सगळ्यांचं राहायचं तर कोणाचंच व्हायचं नाही, हे सांभाळायला फार अवघड आहे. त्या माणसाला मत नसतं असं थोडंच आहे? १९९० मध्ये बेल्जियमच्या राजा बोदुआँ यांनी गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला नकार दिला, कारण त्यांची श्रद्धा आड येत होती. मंत्रिमंडळाने राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचं जाहीर केलं, कायद्यावर आपणच सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी संसदेने राजाला परत गादीवर बसवलं. राजाची श्रद्धाही राहिली, संसदेचा कायदाही झाला. मला त्या राजाबद्दल आदर वाटतो, कारण मनाविरुद्धची सही किती जड जाते ते मला ठाऊक आहे. शाळेमागची चिंचेची झाडं तोडून सभामंडप बांधायच्या ठरावावर मी सही केली आहे. माझा विरोध इतिवृत्तात लिहून ठेवला आणि मग सही केली. रात्री जेवण गेलं नव्हतं.

स्पेनचं उदाहरण मी टाळणार नाही. २३ फेब्रुवारी १९८१ ला तिथे शस्त्रधारी शिपाई संसदेत घुसले, तेव्हा मध्यरात्रीनंतर राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात दूरदर्शनवर आले, घटनेच्या बाजूने बोलले आणि बंड मोडलं. पण नीट बघा, त्यांनी आपलं वजन वापरलं ते संसदेचा हक्क संसदेला परत देण्यासाठी.

इंग्लंडची एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. राजा आणि पंतप्रधान दर आठवड्याला भेटतात, आणि त्या भेटीचं टिपण ठेवलं जात नाही. आमच्या ग्रामसभेत चहाच्या खर्चाचीसुद्धा नोंद होते. त्यापेक्षा स्वीडनचं सरळ आहे. १९७५ पासूनच्या तिथल्या घटनेत पंतप्रधानाचं नाव संसदेचा सभापती सुचवतो आणि संसद मत देते. राजाकडे मान आहे, सही नाही.

आणि त्याच्या कितीतरी आधी हे आपल्या मातीत घडलंय. औंध संस्थान, गावं ७२, सातारा-सांगलीपासून विजापूरकडच्या गुणदाळपर्यंत विखुरलेली. आमची आटपाडी त्यातली, प्रतिसरकारचं कुंडलही त्यातलंच. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना दिली. तिच्यामागे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांची मेहनत होती. गावाने पंच निवडायचे, त्यांच्यातून तालुका, तालुक्यातून विधिमंडळ, आणि मंत्री त्या विधिमंडळाला जबाबदार. वर इंग्रज बसलेला असताना हातातली सत्ता राजाने आपणहून खाली ठेवली. माझे आजेसासरे त्या पंचांपैकी एक. पंचायतीचं दफ्तर आपल्याला वाचता यावं म्हणून चाळिशीत त्यांनी पाटी हातात घेतली होती. त्यांची ती वाकडीतिकडी सही घरातल्या एका कागदावर अजून आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं तेही १९३९ मध्येच. तिथे खुनाच्या गुन्ह्यातले कैदी बायकामुलांसह शेती करून राहायचे. लोकांवर विश्वास टाकायचा ठरवला की तो कुठपर्यंत जातो, ते तिथे दिसतं. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं.

आता आपल्याकडे राजा नाही, राज्यपाल आहेत. पत्रलेखकाने खरं तर तिकडे बघायला हवं होतं. विधान परिषदेच्या बारा जागांसाठी राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवलेली नावं राज्यपालांकडे निर्णयाविना पडून राहिली. २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणीचा दिलेला आदेश योग्य नव्हता, असं ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. नेमणुकीने आलेल्या माणसानेही आबांसारखं सतरंजीवर बसायला शिकलं पाहिजे. पक्षात आयुष्य काढलेल्याला हे जमणं कठीण, म्हणून राजभवनात निवृत्त राजकारणी पाठवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

२६ जानेवारीला आपण घटनेची उद्देशिका वाचतो. औंध संस्थानात असलेल्या ७२ गावांत त्या दिवशी १९३९ च्या त्या घटनेचीही माहिती मुलांना द्यावी. हा विषय आमच्या येत्या ग्रामसभेपुढे घ्यावा, असा अर्ज मी सोमवारी ग्रामसेवकांकडे दिला आहे.

आपली नम्र,
एक माजी सरपंच,
ता. आटपाडी, जि. सांगली