चिंच जमेच्या बाजूला आहे साहेब, खर्चाच्या बाजूला नाही

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : शाळेतल्या मोठ्या झाडाला भौतिक सुविधा म्हणून मान्यता मिळणेबाबत

साहेब, नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की पत्र तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच मुख्याध्यापकांना फोन जातो आणि खुलासा मागितला जातो, आणि त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही.

तर गोष्ट अशी की शाळेला संरक्षक भिंत मंजूर झालीय. आनंदच आहे, किती वर्षं मागत होतो, मैदानात डुकरं फिरतात, रात्री लोक बसून बाटल्या फोडतात आणि सकाळी पोरं काचा गोळा करतात. पण नकाशात भिंतीची रेघ सरळ मारलीय आणि त्या रेघेवर नेमकी आमची चिंच येते. म्हणून इस्टिमेटात झाड काढायचा खर्च धरलाय. म्हणजे एवढ्या वर्षांत चिंचेसाठी सरकारी कागदावर पहिल्यांदा पैसे मंजूर झाले ते तिला तोडायला!

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, खरंच तसंच आहे. चिंचेचा दरवर्षी लिलाव होतो, व्यापारी येतो, झाडावर नजर टाकून आकडा सांगतो, थोडी घासाघीस होते आणि ते पैसे समितीच्या खात्यात जमा होतात. त्यातून खडू, झाडू, नळाची तोटी, गॅदरिंगचा मंडप असलं काय काय भागतं, सादिल, म्हणजे किरकोळ खर्चाचं सरकारी अनुदान, येईपर्यंत शाळा तशी चिंचेवरच चालते म्हणा ना. आमच्या भागात चिंचेला भाव आहे, निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला तर 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. चिंच फोडायला बायकांना उन्हाळ्यात काम मिळतं, चिंचोके वेगळे विकले जातात, त्यांची पावडर कापडाच्या खळीला लागते. म्हणजे जमेच्या बाजूला चिंच आहे. खर्चाच्या बाजूला मात्र तिच्या नावाचं हेड नाही, कारण ती काही मागतच नाही. पाणी नाही, खत नाही, दुरुस्ती नाही, रंग नाही (रंग आम्हीच देतो, 15 ऑगस्टला बुंध्याला गेरू आणि चुना, तिला त्याचा काय उपयोग आहे कुणास ठाऊक).

साहेब, 2016 चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती. गावोगाव बोअर आटले होते, शेतात काही उभं नव्हतं. त्या एप्रिलात आमच्या चिंचेला नवा पाला फुटला होता, पोपटी, कोवळा, आणि पोरं तो चिगूर तोडून मीठ लावून खात होती. मूळ खोल असतं चिंचेचं, ती आपली आपली सोय बघते. आणि त्या वर्षी शाळेत पोरांना दुपारी बसायला गार जागा होती ती तेवढी एकच.

आपण पोरांना शिकवतो की झाड निःस्वार्थी असतं, घेत काही नाही आणि देतं सगळं. निबंध असतो, भाषण असतं, वृक्षदिंडीच्या घोषणा असतात. मला वाटतं हे शिकवायचं जरा जपून शिकवावं. कारण पोरं हुशार असतात, जो काही मागत नाही त्याचं शेवटी काय होतं ते त्यांना समोर दिसतं. झाडाला मत नाही, संघटना नाही, ते उपोषणाला बसत नाही. पंखा बंद पडला तर पालक तक्रार करतात, सावली गेली तर कोण कुठं तक्रार करणार, फॉर्मात रकाना कुठाय?

रकान्याचंच सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2009 ची अनुसूची मी वाचली, समितीत आलो तेव्हा प्रशिक्षणात दिली होती. शाळेत काय काय पाहिजे ते त्यात लिहिलंय, शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींना वेगळं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपण. सगळं बरोबर आहे. सावली नाही. कायदा दिल्लीत लिहिला हे मान्य, पण दिल्लीत काय ऊन कमी असतं का? आणि आमच्याकडं तर झाडांचा एवढा दुष्काळ की लातूर जिल्ह्याचं वनक्षेत्र एक टक्कासुद्धा नाही. कोकणातल्या शाळेत एक झाड गेलं तर मागं डोंगर आहे. आमच्याकडं एक झाड गेलं की पत्रा आणि फरशी राहते.

मार्चपासून सकाळची शाळा असते हे ठीक, पण 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत नेल्या होत्या. अकरानंतर मैदानात पाय ठेववत नाही. ज्या मैदानात सावली नाही ते मैदान वर्षातले तीन-चार महिने फक्त कागदावर असतं, मग पोरं वर्गात बसतात नाहीतर घरी जाऊन मोबाईल बघतात. आता चीनमधल्या ग्वांगझू शहरातली गोष्ट सांगतो, 2015 साली छापून आलेली. तिथं पहिलीच्या पोरांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्तीची बाहेर घालवायला लावली. तीन वर्षांनी बघितलं तर बाहेर जाणाऱ्या शाळांमध्ये साधारण 30 टक्के पोरांना नव्यानं लांबचं अंधुक दिसायचा चष्म्याचा नंबर लागला होता आणि बाकीच्या शाळांमध्ये जवळपास 40 टक्के. औषध नाही, मशीन नाही, फक्त बाहेरचा उजेड. झाडाच्या सावलीतसुद्धा वर्गापेक्षा कितीतरी पट जास्त उजेड असतो. मग आमच्या पोरांना मार्च-एप्रिलात 40 मिनिटं बाहेर काढायची कुठं, ते सांगा.

डोळ्यांचं सोडा. चिंचेखाली काय काय होतं ते कुठल्याच अहवालात येत नाही म्हणून लिहितो. खिचडीच्या पंगती तिथं बसतात. तुमच्या खात्यानं 2024 मध्ये आनंददायी शनिवार आणला, तो आनंद पण तिथंच होतो, खोलीत नाही होत. पहिलीतली पोरं चिंचोके मोजून बेरीज शिकतात, फोडलेल्या चिंचोक्याच्या कवड्या करून मुली पटावर खेळतात. गाभुळलेली चिंच कुणाला आधी सापडते यावर मारामाऱ्या होतात आणि मिटतात. आणि सूरपारंबी. तुम्ही खेळला असाल, टांगेखालून काठी लांब फेकायची, ज्याच्यावर राज्य तो काठी आणेपर्यंत बाकीच्यांनी झाडावर, मग तो शिवायला वर चढणार आणि बाकीचे फांद्यांवरून खाली उड्या टाकणार. खेळ वडाचा, पण गावात वड राहिला नाही म्हणून पोरं चिंचेवर खेळतात. या खेळाला ग्राउंड लागत नाही, किट लागत नाही, पीटीचे सर लागत नाहीत, झाड मात्र लागतंच. झाड गेलं तर सूरपारंबी कुठल्या क्रीडा धोरणात बसवणार?

पडतात पोरं, खोटं कशाला बोला. हात मोडतात. आणि मग मुख्याध्यापकांवर येतं, म्हणून हल्ली बरेच मुख्याध्यापक झाडावर चढूच देत नाहीत, काही ठिकाणी खालच्या फांद्या छाटून टाकतात. मी त्यांना दोष देणार नाही, त्यांच्या मागं कोण उभं राहतं? पण किती उंचीवर जाऊ शकतो आणि कुठली फांदी वाळलेली आहे हे पोराला तळहातानं कळतं, व्हिडिओनं नाही कळत. पाचवीतल्या मुलीला मी बघितलंय, लहान भावाला खालून सांगत होती, तिथं पाय नको ठेवू, ती कडकड वाजते. चिंचेवर भूत असतं ही गोष्ट पण ती पोरं एकमेकांना सांगतात आणि तरी चढतात. (भुताचं तेवढं आम्ही ठेकेदाराला पण सांगून बघितलं, तो हसला.)

आता कोणी म्हणेल एक झाड जाऊ द्या, त्याबदल्यात दहा लावू. राज्यानं 2019 ला 33 कोटींचा कार्यक्रम घेतला होता तेव्हा आमच्याकडंही रोपं आली, आम्ही सगळ्यांनी खड्डे घेतले, मनापासून घेतले. पण शाळेत लावलेल्या रोपाचा शत्रू म्हणजे मे महिन्याची सुट्टी. एप्रिल संपला की शाळेला कुलूप, पाणी कोण घालणार, जूनला शाळा उघडते तेव्हा काड्या उभ्या असतात. जगले ते दोन-तीन कडुलिंब, ते छान झालेत, पण त्यांच्याखाली अजून एक वर्ग बसेल एवढी सावली नाही. आज पहिलीत असलेलं पोरगं दहावी पास होईल तेव्हा कदाचित बसेल. रोप हे झाडाच्या बदल्यात येत नाही साहेब, ते पुढच्या पिढीच्या खात्यात जातं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला झाडांचा उतारा तर भाषणात सगळेच सांगतात, आंबे-फणस आरमाराच्या कामाचे असले तरी हात लावू द्यायचा नाही, कारण रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. त्याच उताऱ्यात पुढं असंही आहे की एखादं झाड फारच जीर्ण झालं तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं. आमची चिंच जीर्ण नाही. आणि राजी कुणाला करायचं तर पोरांना, त्यांना कुणी विचारलेलं नाही.

शहरांसाठी 1975 चा झाडांचा कायदा आहे, 2021 ला त्यात सुधारणा होऊन 50 वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज ठरवलं, चांगलं केलं. पण तो नागरी क्षेत्रापुरता. आमच्या चिंचेबद्दल म्हातारी माणसंसुद्धा सांगतात की ती त्यांच्या लहानपणी एवढीच होती, पण ती उगवली खेड्यात. खेड्यात 1964 चा वृक्षतोडीचा कायदा लागतो, चिंच त्यात येते, परवानगी लागते. परवानगी म्हणजे अर्ज, आणि भिंत मंजूर असल्यावर अर्जाला नाही कोण म्हणणार?

मागणी फार मोठी नाही. शाळेच्या आवारातलं पूर्ण वाढलेलं झाड ही भौतिक सुविधा आहे असं एकदा शासन निर्णयात लिहा. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीत, नळ, संडास, संगणक मोजतो तसं सावलीत किती पोरं बसतात ते मोजा. शाळेचं कुठलंही बांधकाम मंजूर करताना झाड नकाशावर दाखवणं सक्तीचं करा, म्हणजे निदान इंजिनिअर कागदावर तरी त्याला बघेल. सुशोभीकरणाच्या नावाखाली बुंध्याला लागून पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचा ओटा करतात ते थांबवा, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2013 मध्ये दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली होती, तेवढी आमच्या शाळांमध्ये पण राहू द्या, मुळाला पाणी जायला नको का. आणि मे महिन्यात रोपांना पाणी घालायला एखाद्या मावशीला मानधन द्या.

हे व्हायला वेळ लागेल, माहीत आहे. आमची भिंत मात्र दिवाळीच्या सुट्टीत सुरू होणार आहे. ठेकेदार म्हणतो मला काय, लेखी आणा, मी वळवून बांधतो. साहेब लोक म्हणतात वरून आलं पाहिजे. वर म्हणजे कुठं ते विचारत विचारत हे पत्र तुमच्यापर्यंत आलंय. भिंत चिंचेपाशी सहा-सात फूट आत घेतली तर कबड्डीचं ग्राउंड थोडं सरकवावं लागतं, पोरांनी ते कबूल केलंय, सातवीच्या कॅप्टननं जरा कुरकुर केली पण झाला तयार. वळणामुळं भिंतीची लांबी वाढते, तो जादा खर्च समिती लिलावाच्या पैशातून देईल, तसा ठराव झालाय. गावातल्या पॉलिटेक्निकच्या एका पोरानं सुधारित नकाशा काढून दिलाय, तो आणि ठरावाची प्रत पोस्टानं तुमच्या कार्यालयाला वेगळी पाठवलीय. त्याच्यावर सही तेवढी पाहिजे.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक
जि. लातूर