गाळा विकायचा नाही, बाबा

लातूर,
मार्गशीर्ष, येळवसेच्या (वेळ अमावस्येच्या) अलीकडे

ती. बाबा आणि ती. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बरं, बरं" म्हणत फोन तुझ्या हातात देतात, आणि तू जेवणाखाणाच्या पुढे काही जाऊ देत नाहीस. म्हणून लिहायला बसले. आई, तूच मोठ्याने वाच. बाबांची सकाळची गोळी आणि नाश्ता झाल्यावर, त्याआधी नको.

सांगायचं ते आधीच सांगते. मार्केट यार्डातला आपला आडतीचा गाळा मी विकलेला नाही आणि विकणार नाही. मुखत्यारपत्र माझ्या नावावर करून दादाकडे गेलात ते विकण्यासाठीच, हे मला ठाऊक आहे. घेणाऱ्याला मी समोर बसून नाही सांगितलं. बयाणा घेतलेला नव्हता, त्यामुळे कुणाचा पैसा अडकला नाही की तुमचा शब्द खाली पडला नाही. दादाशी बोलले आहे. तो आधी रागावला, मग आकडे मागितले, मग म्हणाला, "बाबांना तूच सांग." बाबा, जिवाला लावून घेऊ नका. सगळं ऐका आणि मग बोला.

पैशाचं पहिलं, कारण तुमच्या मनात तेच आलं असणार. तुमच्या ऑपरेशनचा खर्च भागला आहे. विम्याचे आले ते आले, वरचे मी आणि दादाने निम्मे निम्मे घातले. आईची ठेव मोडलेली नाही, पाटल्या जिथे होत्या तिथेच आहेत. पुढच्या तपासण्यांची रक्कम दादाच्या खात्यात वेगळी काढून ठेवली आहे. तुमच्या औषधातली एक गोळीही या गाळ्यावर अवलंबून नाही.

दुसरं माझं. एम.एस्सी. करून पोरगी पोत्यात बसली, असं लोक म्हणतील ही तुमची काळजी. क्लास मी एकदम सोडत नाहीये. मेमधली नीटची परीक्षा होईपर्यंत सकाळचे तास घेणार आहे, बारावीच्या लेकरांना अर्ध्यात टाकणार नाही. ह्यांची कॉलेजातली नोकरी आहेच. ते पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूने आहेत, आणि हे तुम्हाला आवर्जून कळवायला त्यांनीच सांगितलं. धुळीने मला खोकला येतो हेही आई म्हणेल. तोंडाला फडकं बांधते आई, न विसरता बांधते.

नाही म्हणण्याआधी मी माणसांना भेटत गेले. बाबांच्या खतावणीत ज्यांची पानं आहेत त्यांना, आणि काही ज्यांची कधीच नव्हती त्यांनाही. धंदा कसा करावा हे विचारायला जात होते. बोलणं मात्र फिरून फिरून तुमच्यावरच यायचं.

किल्लारीकडचे तात्या तुम्हाला आठवतात. आता काठी टेकत चालतात, पण ओसरीवर मला बघितल्याबरोबर ओळखलं. "काय करूलालीस बाई तिकडं?" म्हणाले, आणि लगेच आईची चौकशी. अंबाड्याची भाजी आणि भाकरी अजून काढतात. त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही आम्हाला घरात कधी बोलला नाहीत. 1993च्या जूनमध्ये त्यांनी बियाण्याची उचल नेली होती. 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात घर गेलं, आणि घरातलं कोण गेलं ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना वाटलं, शेठ आता खातं पुसून टाकणार. तुम्ही पुसलं नाही. बाकी पुढच्या वहीत ओढली, आणि त्याच पानावर रब्बीच्या ज्वारीची नवी उचल मांडली. पाडव्याला वहीपूजनाचं बोलावणं सगळ्या गिऱ्हाइकांना गेलं, तसं पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या तात्यांनाही गेलं. पैसे कधी फेडणार हे तुम्ही विचारलं नाही आणि माफ केले असंही म्हणाला नाहीत.

मी तात्यांना विचारलं, माफ केलं असतं तर बरं नसतं का वाटलं? ते म्हणाले, "त्या वर्षी सगळं जग आम्हाला फुकट द्यायला आलं होतं. कपडे, भांडी, घोंगड्या. घेतलं आम्ही, नाही कशाला म्हणू. पण तुझ्या बापानं एकट्यानं मला देणेकरी ठेवलं. देणेकरी म्हणजे मी अजून शेतकरी होतो. माफ केलं असतं तर त्या ओट्यावर मी परत चढलो नसतो." शेवटचा रुपया फेडायला त्यांना काही वर्षं लागली. त्या दिवशी तुम्ही दोघांनी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन चहा घेतला, तेवढंही त्यांच्या लक्षात आहे.

बाबा, मी परत येताना बसमध्ये याचाच विचार करत होते. दानधर्म खूप पाहिला आपण, देवळाच्या पाट्यांवर नावंही वाचली. पण माणसाचा हिशोब चालू ठेवून त्याचं माणूसपण जपणं, हे दान मला कुणी शिकवलं नव्हतं. ते तुमच्या दुकानात माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी पोत्यांवर बसून गृहपाठ करत होते.

हमालांच्या टोळीचे मुकादम मामा, त्यांच्याशीही बोलले. गुडघे गेलेत त्यांचे, आता कट्ट्यांची तोंडं शिवायचं काम करतात. पूर्वी क्विंटलचं पोतं एका पाठीवर असायचं, आता पन्नास किलोचा कट्टा, म्हणाले. 1969चा माथाडी कायदा त्यांना तोंडपाठ आहे. हमालाला त्याने काय दिलं आणि काय दिलं नाही, दोन्ही सांगतात. मी म्हटलं, मामा, टोळी तुमचं का ऐकायची? ते म्हणाले, "सगळ्यात जड गाडी आली की मी आधी पाठ द्यायचो. आणि मजुरी वाटताना माझा वाटा शेवटी." मग तुमच्याकडे वळले: काटा लागायचा तेव्हा शेठ ओट्यावरून खाली उतरून शेतकऱ्याच्या बाजूला उभे राहायचे, आकडा त्याला दिसतोय ना बघायचे. बाजार समितीच्या निवडणुकीला उभं राहा म्हणून लोक तुमच्या किती मागे लागले होते, तुम्ही हात जोडलेत. मामांचं म्हणणं, पुढारी व्हायची गरज नव्हती, काट्याजवळ माणूस लागतो.

दालमिलवाल्या शेठजींनी मात्र मला चांगलं झापलं. त्यांचं म्हणणं, दया घरी करायची, दुकानात नाही. एकदा उधारी सुटली की धंदाही जातो आणि सोयराही जातो. मी ऐकून घेतलं, कारण त्यात तथ्य आहे. बाबांच्या वहीतली जी पानं बुडाली तीही मी पाहिली आहेत. पण त्याच शेठजींनी 2016मध्ये काय केलं होतं ते मला शेजाऱ्यांकडून कळलं. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर, आणि सगळा देश आपल्या शहराकडे बघत होता. त्याच्या आधीपासून शेठजींनी मिल बंद करून बोअरचं पाणी गल्लीला लावलं होतं. घरटी घागरी ठरलेल्या. त्यांच्या स्वतःच्या घरालाही तेवढ्याच, वर एक नाही. हे मी काढलं तर शेठजी म्हणाले, "पाणी देणं सोपं होतं. सगळ्यांना सारखं देणं अवघड होतं. भाऊ माझा तीन महिने बोलत नव्हता." उधारीवर कडक असलेला हा माणूस मला त्या दिवसापासून फार मोठा वाटतो.

आणि औशाकडच्या बचत गटाच्या काकू. खरं तर निर्णय त्यांच्या अंगणात झाला. यंदाचं सोयाबीन तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नाहीत ते बरं झालं. सप्टेंबरचा पाऊस, मांजरा नदीचं पाणी शेतात, शेंगांना उभ्या झाडावर कोंब. 2025-26च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, पण खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही आणि डागी दाणा कुणाला नको. बायकांनी तो माल अंगणात वाळवला, सुपाने पाखडला, हाताने निवडला. एवढं करून बाजारात सगळा एकाच ढिगात, एकाच भावात गेला. काकू म्हणाल्या, चांगला दाणा वेगळा ठेवायला आम्हाला यार्डात जागा पाहिजे, चाळणीचं यंत्र पाहिजे, आणि काट्यावर आपलं माणूस पाहिजे. त्यांची शेतकरी उत्पादक कंपनी नोंदलेली आहे. कायद्याला दहा शेतकरी पुरतात, यांच्याकडे त्याहून कितीतरी जास्त आहेत.

मी मोठ्या उत्साहाने बोलत राहिले. काकूंनी सगळं ऐकून एकच विचारलं: "किती वर्षं राहशील?" त्यांनी येऊन गेलेली माणसं पुष्कळ पाहिली आहेत. मी म्हटलं, गाळा बाबांचा आहे, मी कुठे जाणार? बाबा, ते तोंडातून गेलं तेव्हाच ठरलं. गाळा विकून मग त्या अंगणात मला जाता आलं नसतं.

तर आता असं ठरलं आहे. पुढचा ओटा आपला, आडत आपल्या जुन्याच नावाने. मागचं गोदाम कंपनीला भाड्याने, रीतसर करार करून. तिथे चाळणी आणि प्रतवारीचं यंत्र बसेल. ज्याला भाव पटत नाही त्याने माल घाईने विकू नये म्हणून बाजार समितीची तारण योजना आहे, तुम्हाला माहीतच आहे: मालाच्या किमतीच्या 75 टक्के, 6 टक्के व्याजाने, सहा महिने. कागद करायला लोक कंटाळतात, ते काम मी करणार. उचल फक्त बियाण्याला, माणशी मर्यादा घालून, आणि वहीवर काकूंच्या गटातली एक बाई माझ्याबरोबर बसणार. ही अट त्यांनी घातली, मला ती आवडली. माफी मी कुणाला देणार नाही. बाकी पुढे ओढेन.

तुम्ही विकायचं म्हणालात ते हरून म्हणालात असं मी एक क्षणही मानलं नाही. आम्हाला मोकळं करायला म्हणालात. पण बाबा, तुरीच्या ढिगावर मी झोपायची आणि तुम्ही टॉवेल घालून ठेवायचा, त्या गाळ्यातून मोकळं व्हायचं मला कधी वाटलंच नाही. आणि आई, रात्रीची गाडी घेऊन मुक्कामाला आलेल्या शेतकऱ्यांना तू जे धपाटे पाठवायचीस, दह्याचं भांडं वेगळं, मिरचीचा ठेचा वेगळा, त्याबद्दल मला तात्यांनी सांगितलं, मामांनी सांगितलं, आणि ज्यांना मी ओळखतही नव्हते अशा एका आजोबांनीही सांगितलं. ते दुकान एकट्या बाबांचं कधीच नव्हतं.

आता घराचं. न्हाणीत धरायला दांडा बसवला आहे, संडास कमोडचा केला आहे, फरशी खरखरीत घातली आहे. पलंग खालच्या खोलीत आणला, खिडकीकडे डोकं येईल असा. इन्व्हर्टर आहे. नळाला पाणी कधी येईल याची काळजी नको, टाकी मोठी केली. तुळस जोमात आहे. मागच्या दारातला पारिजात मात्र छाटावा लागला, आई, रागावू नकोस, तारेला लागत होता. फुटतोय परत.

पण येळवसेला यायचं नाही. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय म्हणजे नको. मला माहीत आहे, शेतातली कडब्याची कोप, आंबिलाचा घडा आणि पांडवांची पूजा सोडून बाबांनी कधी येळवस काढलेली नाही. यंदा मी आणि पोरं जाऊ, नैवेद्य बाबांच्या नावाने दाखवू. भज्जी प्रवासात टिकत नाही, म्हणून वहिनीला कळवलं आहे. ओल्या तुरीच्या शेंगा, पावटा, हरभरा आणि बाजरीचं पीठ दादाच्या मित्राच्या गाडीने पाठवते आहे. आंबिलाला ताक आंबट होऊ द्या. बाबांनी एक वाटीच प्यायची, मीठ कमी घालून.

बाबा, संध्याकाळी गच्चीवर नाही, खाली सोसायटीच्या रस्त्यावर चालायचं, आणि दादा बरोबर असतानाच. लिफ्ट असताना जिना चढून दाखवायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा. तंबाखूची डबी दादाला सापडली आहे, तेवढंच लिहिते. आई, गुडघ्याचा पट्टा फक्त पाहुणे आल्यावर लावायचा नसतो. वहिनीच्या स्वयंपाकात लक्ष घालू नकोस, ती मनापासून करते.

सोबत बाजार समितीचा अर्ज ठेवला आहे. परवाना माझ्या नावावर व्हायला बाबांची सही तीन ठिकाणी लागते, तिथे पेन्सिलीने खूण केली आहे. मनाला पटेल तेव्हाच करा, पण मार्चच्या आत पाहिजे. सही करून दादाकडे द्या, तो स्पीड पोस्टाने पाठवील. आणि जुन्या खतावणीत अहमदपूरकडच्या तीन पानांवर तुम्ही तांबड्या शाईने काहीतरी खूण केली आहे, ती कसली हे मला फोनवर नीट सांगा. त्यांची पोरं तूर घेऊन येणार आहेत.

तुमची,
बबी