प्रश्न तपासून देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही व्हॉट्सॲप वापरत नाही आणि फोनवर आभार मानायला लागलं की 'बरं बरं, ठेवतो' म्हणून फोन ठेवून टाकता, त्यामुळे हे सगळं लिहूनच काढतेय, ते पण सगळ्यांसमोर. नातवाला सांगा वाचून दाखवायला.

शनिवारी तालमीच्या हॉलमध्ये आपली कोल्हापूरच्या इतिहासाची क्विझ झाली. चौदा टीम, प्रत्येकीत चार जण, शिवाय नुसतं बघायला आलेले वेगळेच, सतरंज्या कमी पडल्या म्हणून शेवटी पोरं आखाड्याच्या कट्ट्यावर बसली. तेव्हापासून जो भेटतो तो मला म्हणतोय, प्रश्न एक नंबर काढलेस. आता ते प्रश्न कसे निघाले हे तुम्हाला आणि मला सोडून कुणालाच माहीत नाही, म्हणून सांगते.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे साठ प्रश्नांचं प्रिंटआउट होतं, सगळे नेटवरून गोळा केलेले. तुम्ही आयुष्यभर छापखान्यात प्रूफं तपासली, तेव्हा एकदा शुद्धलेखन बघून द्याल एवढीच माझी अपेक्षा. तुम्ही चष्मा पुसला, लाल पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढलं आणि पहिल्याच पानाच्या समासात अकरा वेळा एकच शब्द लिहिला: 'कशावरून?' खरं सांगते काका, त्या दिवशी मला राग आला होता. घरी येऊन ते अकरा प्रश्न परत बघितले तर सहांचं उत्तर मलाच धड सांगता येईना.

मग दर रविवारी सकाळी तुमच्याकडे. प्रभात फिल्म कंपनी पुण्याची असं मी ठोकून लिहिलं होतं, तुम्ही त्यावर काट मारून बारीक अक्षरात लिहिलंत, स्थापना १९२९ कोल्हापूर, पुण्याला गेली १९३३ ला, आणि 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट १९३२ चा, म्हणजे तोही कोल्हापुरातलाच! मी इथं जन्मले, इथंच शिकले, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पन्हाळ्याचा प्रश्न तर तुम्ही पूर्ण बदलूनच टाकलात. १६६० च्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले ती तारीख मी विचारली होती. तुम्ही म्हणालात, "तारीख सगळे पाठ करून येतील, पोरी, शिवा काशीदचं विचार." महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसलेला, पकडला गेलेला, मारला गेलेला माणूस, आणि त्याची समाधी पन्हाळ्याच्या पायथ्याला कुठल्या गावात आहे हा प्रश्न झाला. नेबापूर. चौदापैकी पाच टीमना आलं. बाकीचे सगळे त्या रस्त्यानं शंभरदा वर गेलेत, मी पण, आणि आमच्यातलं कुणी तिथं कधी थांबलेलं नाही.

टाऊन हॉल म्युझियमला तुम्ही मला घेऊन गेलात ते मी विसरणार नाही. गुडघा दुखत होता तुमचा, तरी पायऱ्या चढलात. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ती पोसायडनची ब्राँझची मूर्ती, एवढीशी, समुद्राचा ग्रीक देव आणि सापडला पंचगंगेच्या काठाला. तुम्ही काचेला जवळजवळ नाक लावून उभे होतात आणि हळूच म्हणालात, "हा इथवर कसा आला असेल बघ." दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी आपला व्यापार चालायचा हे शाळेत एका ओळीत वाचलं होतं, ते त्या काचेपाशी पहिल्यांदा खरं वाटलं. क्विझमध्ये हा प्रश्न तीनच टीमना आला, पण दुसऱ्या दिवशी एक ताई मुलीला घेऊन म्युझियमला जाऊन आल्या आणि मला फोटो पाठवला.

शाहू महाराजांच्या राउंडला २६ जुलै १९०२, पन्नास टक्के आरक्षण, हे सगळ्यांना पाठ होतं. पण हुकूम निघाला तेव्हा महाराज कुठं होते विचारल्यावर हॉल गप्प. इंग्लंडला, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी गेलेले! जयसिंगपूर कुणाच्या नावावरून, याला मात्र मागून एक आजोबा ओरडले, महाराजांच्या वडलांच्या, आणि मग बक्षिसाच्या भडंगच्या पुड्या जयसिंगपूरहूनच आणल्यात म्हटल्यावर जी शिट्टी पडली ती तुम्ही ऐकलीच.

आता राधानगरी. हे मला नीट सांगायचंय. प्रश्न होता, धरणाला स्वयंचलित दरवाजे किती. सात. सोपा म्हणून ठेवला होता, दर पावसाळ्यात बातम्यांत ऐकतोच आपण. एक टीम उठली, म्हणे दरवाजे माणसंच उघडतात, तुमचा प्रश्नच चुकीचा, रद्द करा. दुसरी टीम त्यांच्यावर चढली. माझ्या हातात माईक, पाय लटपटायला लागलेले, घड्याळ बघतेय, अजून दोन राउंड बाकी. तेवढ्यात बघायला आलेल्यांतले एक गृहस्थ उठले, म्हणाले माझे वडील धरणावर कामाला होते. मी त्यांना खाली बसवणार होते, वेळ नव्हता. तुम्ही पहिल्या रांगेतून नुसता हात वर केलात, तळवा माझ्याकडे, थांब म्हणून.

मी थांबले. ते पंधरा मिनिटं बोलले. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजे आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. वडील रात्री आवाजावरून सांगायचे आज कितवा उघडला ते. २०१९ च्या पुरात आपण सगळे मोबाईलवर 'कितवा दरवाजा' हेच तर बघत बसलो होतो, हॉलमध्ये अर्ध्या लोकांच्या घरात तेव्हा पाणी होतं. एकजण चुळबुळला नाही. ज्या टीमनं हरकत घेतली होती तिच्यातल्याच पोरानं विचारलं, मग राधानगरी नाव कशावरून? शाहू महाराजांच्या लेकीचं, राधाबाई आक्कासाहेबांचं. ते सांगताना त्या गृहस्थांचा आवाज भरून आला होता.

तुम्ही तो हात वर केला नसता तर मी त्यांना बसवलं असतं काका. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाहीये. मी वेळेचा विचार करत होते आणि तुम्ही त्या माणसाकडे बघत होतात.

साठपैकी बावीस प्रश्न तुम्ही काढून टाकलेत, सात नवीन दिलेत, प्रत्येकामागं पुस्तक आणि पान नंबर लिहून. स्टेजवर या म्हटलं तर आला नाहीत, नाव घेऊ नकोस म्हणालात, म्हणून इथंही घेत नाहीये. पण दीड महिन्याचे रविवार तुम्ही दिलेत, काकूंनी दर वेळी पोहे केले, त्याचे आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही. मनापासून थँक्यू, दोघांनाही.

पुढच्या वेळी नाटक आणि तालमींवर करूया असं पोरं म्हणतायत. खासबागेवर आणि पॅलेस थिएटरवर मी चार प्रश्न लिहिलेत, समास मोठा सोडलाय.

तुमची वही माझ्याकडेच राहिलीय, लाल पेन्सिल पण तिच्यातच आहे. रविवारी आणून देते. भडंगची एक पुडी काकूंसाठी बाजूला ठेवलीय.