लोकअदालतीत टक्के कोणते धरले?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात राष्ट्रीय लोकअदालतीची बातमी होती. किती दावे निकाली निघाले, किती रक्कम मंजूर झाली, धनादेश घेतानाचा फोटो. त्या दिवशी मीही तिथे होते. फोटोत नाही, कारण तडजोडीच्या कागदावर मी सही केली नाही. का केली नाही, ते सांगायला हे पत्र.

मी घरी ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. 2023 मध्ये भावाच्या मोटारसायकलवर मागे बसले होते, तेव्हा उलट्या बाजूने आलेल्या टेम्पोने आम्हाला ठोकलं. भावाचा खांदा निखळला, माझ्या उजव्या घोट्याचा चुरा झाला. आत प्लेट आणि स्क्रू आहेत आणि घोटा आता वरखाली होत नाही. टेम्पोचा विमा चालू होता, म्हणून मोटार अपघात दावा प्राधिकरणात माझ्यासमोर विमा कंपनीचे वकील उभे असतात.

सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर लिहिलंय : उजव्या पायाचं कायमचं अपंगत्व 40 टक्के. कंपनीचं म्हणणं, हे एका पायाचे टक्के; अख्ख्या शरीराचे धरले तर 20. त्यावर हिशेब करून त्यांनी औषधोपचारासकट साडेपाच लाख देऊ केले. पॅनेलवरच्या साहेबांनी आवाज न चढवता समजावलं, "ताई, आज हातात पैसे मिळतायत. दावा चालवला तर अजून किती वर्षं जातील?" खोटं नव्हतं ते. म्हणूनच तर माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसांनी सह्या केल्या.

पण पायमशीन पायाने चालतं. "मोटर बसवून घ्या" असं कंपनीच्या वकिलांनी सुचवलं. मोटरच्या मशीनचा वेगही पायानेच सांभाळायचा असतो. काजं-बटणं, हातशिलाई जमते. सलग शिवण जमत नाही, तासाभरात पाय सुजतो. शिवणारीचा घोटा आणि हिशेबनीसाचा घोटा प्रमाणपत्रावर सारखेच 40 टक्के दिसतात. कमाईत तसं होत नाही.

हे माझं एकटीचं तत्त्वज्ञान नाही. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात 2010 मध्येच सांगितलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईची क्षमता गमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकालात उदाहरण डाव्या हाताचं आहे. हात तुटला तर अपंगत्व समजा 60 टक्के. तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते, सरकारी कचेरीतला कारकून असेल तर नोकरी कदाचित टिकतेही. आधी तो माणूस काय काम करत होता ते बघा, मग आता काय करू शकतो ते बघा, आणि मग आकडा ठरवा. एका अवयवाचे टक्के जसेच्या तसे अख्ख्या शरीराला लावू नका, हेही त्याच निकालात आहे. कंपनी तेवढंच वाक्य वाचते.

फरक किती पडतो ते वाचकांनी स्वतः मांडून बघावं. महिन्याची कमाई 12,000 धरा. स्वतःचा धंदा आणि वय 40 ते 50 असेल तर भविष्यातल्या वाढीचे 25 टक्के त्यात मिळवायचे, हे प्रणय सेठी निकालाने 2017 मध्ये ठरवून दिलं. झाले 15,000, म्हणजे वर्षाला 1,80,000. माझं वय अपघाताच्या वेळी 42. सरला वर्मा निकालातल्या (2009) तक्त्याप्रमाणे 41 ते 45 वयाला गुणक 14, म्हणजे वर्षाच्या कमाईला 14 ने गुणायचं. गुणाकार येतो 25,20,000. याचे 20 टक्के म्हणजे 5,04,000. कमाईची क्षमता 60 टक्के गेली असं धरलं तर 15,12,000. पाय तोच, तक्ता तोच. दहा लाखांचा फरक त्या एका आकड्याने पडतो, आणि लोकअदालतीच्या टेबलावर त्या आकड्यावर कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

कमाईचा पुरावा म्हणून मी मापांची वही दिली. गिऱ्हाइकाचं नाव, माप, तारीख, उचल किती, बाकी किती. त्यावर "ही घरगुती वही आहे" असं म्हणून झालं. शिंपिणीकडे ऑडिट केलेला ताळेबंद कुठून असणार? माझ्या वकिलांनी वही दाखल करून घेतली आहे आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांची साक्ष ठेवली आहे. माझ्यासारख्या घरी काम करणाऱ्या बायकांनी अशा वह्या रद्दीत घालू नयेत.

"समोरासमोर धडक, म्हणजे निम्मी चूक तुमच्या भावाची, निम्मी रक्कम कापा" हाही मुद्दा निघाला. मी मागे बसले होते, हँडल माझ्या हातात नव्हतं. दोन वाहनांच्या चुकीत तिसरा माणूस जखमी झाला तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणा एकाकडूनही मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये खेन्येई प्रकरणात स्पष्ट केलंय. आपसात वाटणी काय करायची ती त्यांनी करावी. हेल्मेटवरही बराच वेळ गेला. दुखापत घोट्याला आहे.

सही करण्याआधी एक गोष्ट मला माझ्या वकिलांनी सांगितली, टेबलावर कुणी सांगितली नाही : लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तडजोड झाली नाही तर दावा होता तिथे प्राधिकरणात परत जातो, हक्क काही बुडत नाही. मी लोकअदालतीच्या विरोधात नाही. भावाचा दावा तिथेच मिटला आणि त्याला रास्त रक्कम मिळाली, कारण त्याचा खांदा बरा झाला होता आणि भांडण फक्त बिलांचं होतं. कायमचं अपंगत्व आलेल्याचं तसं नसतं.

आणखी एक. वॉर्डात असतानाच एक माणूस पलंगापाशी येऊन गेला होता : खर्च काही नको, मिळतील त्यातले 30 टक्के. निकालातल्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मना आहे. स्त्रिया आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे ऑर्थोपेडिक वॉर्डाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत का लिहिलेलं नसतं? सोबत मुदतही लिहावी. 1 एप्रिल 2022 पासून दावा सहा महिन्यांत दाखल करायची अट पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय आणि नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयाने तूर्त मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका असं सांगितलंय, पण तो अंतरिम आदेश आहे. प्लास्टरमध्ये पडलेल्या माणसाचे सहा महिने कसे जातात ते मला ठाऊक आहे.

संपादक महोदय, पुढच्या लोकअदालतीला आपला वार्ताहर जाईल तेव्हा एकूण रकमेसोबत एवढं विचारून घ्यावं : कायमच्या अपंगत्वाचे जे दावे मिटले, त्यात टक्के दाखल्यावरचे धरले की त्या माणसाच्या कामाचे? माझ्या दाव्यात पुढच्या तारखेला डॉक्टरांचा उलटतपास आहे आणि त्यांना नेमका हाच प्रश्न विचारला जाणार आहे.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक