श्रवणयंत्रात तानपुरा का विझतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी पहाटेचे कार्यक्रम जवळ आले आहेत. श्रवणयंत्र लावणाऱ्या रसिकांची नेहमीची तक्रार असते, बोलणं कळतं, गाणं मात्र बेसूर लागतं. खापर वयावर फुटतं. पुष्कळदा दोष यंत्राच्या सेटिंगचा असतो.

यंत्र बनतं ते बोलणं समजावं म्हणून. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंख्याची नाहीतर गाड्यांची घरघर, हे त्याचं गणित. तानपुराही एकसारखाच वाजतो, म्हणून काही सेकंदांत यंत्र त्याला दाबून टाकतं आणि गायक थांबला की षड्जाचा आधारच नाहीसा होतो. बासरीचा किंवा पेटीचा लांबवलेला स्वर तर यंत्राला स्वतःचीच शिट्टी वाटते (कानातून निसटलेला आवाज माइकमध्ये परत शिरला की यंत्र शिट्टी मारतं, ती). ती मोडायला ते उलटा स्वर सोडतं; मग सूर थरथरतो, त्याच्यामागे भलताच दुसरा सूर उमटतो.

उपाय एकच : ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्राम करून घ्या. त्यात गोंगाट कमी करणारी सोय बंद, माइक चहूबाजूंनी ऐकणारा, प्रोग्राम आपोआप बदलणं बंद आणि शिट्टी रोखणारी सोय बंद किंवा अगदी कमी. यंत्राचा कानात बसणारा साचा सैल असेल तर तो आधी बदलावा, नाहीतर ही सोय काढताच खरीखुरी शिट्टी सुरू होईल. वरचे स्वर खाली सरकवून ऐकवणारी सोयही काही यंत्रांत असते. बोलण्यातला ‘स’ त्यामुळे पकडता येतो, पण गाण्यात स्वरांची आपापसातली नाती बिघडतात. तीही बंद हवी. तपासणीला जाताना मोबाइलवर तानपुरा घेऊन जा आणि तिथेच मिनिटभर नुसता वाजवा. आवाज हळूहळू विरला तर गोंगाटाची सोय चालू राहिली आहे. डुलला तर शिट्टीची. ‘आता बरं ऐकू येतंय ना?’ एवढ्या विचारण्यातून हे कळत नाही.

आवाज फाटणं हे वेगळं दुखणं. मोठ्यानं बोललेलं ८५ डेसिबलच्या आसपास असतं, स्पीकरजवळची तान किंवा तबल्याची थाप सहज १०० च्या वर जाते. अनेक यंत्रांच्या माइकमागचा भाग ९५-९६ लाच हात टेकतो. आवाज तिथेच फाटल्यावर यंत्राचा व्हॉल्यूम कमी करून उपयोग नाही. कमी आवाजात फाटकंच ऐकू येतं. घरी रेडिओचा आवाज लहान ठेवा, यंत्राचा मोठा करा. मैफलीत स्पीकरपासून लांब बसा. माइकच्या छिद्रांवर साध्या चिकटपट्टीचे तीन-चार थर लावले तरी सुमारे १० डेसिबल उतरतात. दिसायला गावठी, पण चालतं.

आयोजकांनाही एक विनंती. खुर्च्यांच्या एका भागाभोवती तांब्याच्या तारेचा लूप टाकून त्याला अॅम्प्लिफायर जोडला, की ज्यांच्या यंत्रात टेलिकॉइल (लूपचा चुंबकीय संकेत पकडणारी छोटी गुंडाळी) आहे त्यांना मिक्सरवरचं गाणं थेट मिळतं, सभागृहाचा घुमारा मध्ये येत नाही. सिमेंटच्या जमिनीतल्या सळ्या मात्र वरचे स्वर खातात आणि दिव्यांच्या डिमरची गुणगुण तारेत शिरते. म्हणून चाचणी रंगमंचावरचे सगळे दिवे लावून घ्यावी, दुपारच्या रिकाम्या अंधारात नव्हे. मैदानातल्या मांडवात निदान सळ्यांचा प्रश्न नसतो. सुरुवात तिथून करता येईल.

– एक श्रवणतज्ज्ञ, पुणे