पडली नाही, तरी हाड मोडले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील ज्येष्ठांच्या कंबरदुखीवरचा लेख वाचला. त्यात मणका, गादी आणि दबलेली नस यांचा ऊहापोह आहे. मात्र मणक्याच्या तळाशी, दोन खुब्यांच्या मधोमध असणाऱ्या त्रिकास्थीचा उल्लेखही नाही. त्याच हाडाने आमच्या घरी दीड महिना छळले, म्हणून हे पत्र.

माझी आई ७८ वर्षांची, संधिवातासाठी अनेक वर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारी. ती कुठे पडली नव्हती की घसरली नव्हती. एका सकाळी मात्र ओटा धरूनही तिला उभे राहवेना. आडवी झाली की दुखणे निम्म्यावर येई, पाय जमिनीला टेकताच कंबर, कुल्ला आणि जांघ एकदम ठणके. 'पडल्या होत्या का?' या प्रश्नाला 'नाही' म्हटले की फ्रॅक्चरचा विषय तिथेच मिटे. एक्स-रेच्या अहवालात 'वयोमानानुसार झीज' एवढेच होते. कंबरेच्या एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली, पण या वयात ती काही न दुखणाऱ्यांचीही सर्रास सरकलेली असते. मग पट्टा झाला, ट्रॅक्शन झाले, आणि (माझ्याच हट्टाने) मालीशही झाले.

तिसऱ्या डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवून माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना अंगठ्याने दाबले, तशी ती कळवळली. ओटीपोटाच्या हाडांचा स्वतंत्र एमआरआय केल्यावर त्रिकास्थीला दोन्हीकडे आणि पुढे जांघेजवळच्या हाडालाही तडे निघाले. ही हाडे मिळून एक कडे बनते, त्यामुळे ते एका जागी तडकले की दुसरीकडेही तडकलेले असण्याचा संभव मोठा. याला 'इन्सफिशियन्सी फ्रॅक्चर' म्हणतात: हाडच इतके ठिसूळ झालेले असते की रोजच्या चालण्याचा भारही त्याला पेलत नाही. त्रिकास्थीच्या अशा फ्रॅक्चरचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत १९८२ पासून आहे. एक्स-रेत ते सहसा सापडत नाही, कारण हाड वक्र असते, विरळ झाल्याने फिकट उमटते आणि त्यावर आतड्यांतील वायूची सावली पडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांमध्येही असे तडे जातात, आणि तिथे तर कर्करोगच हाडात पसरला, अशी धास्ती घेतली जाते.

निदान झाल्यावर आईला अंथरुणाला खिळवून ठेवले नाही, कारण त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या, न्यूमोनिया आणि पाठीला जखमा होण्याची भीती असते. वेदनाशामके देऊन वॉकरवर थोडे थोडे चालवले, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली आणि ठिसूळपणावर औषध सुरू झाले. आता ती फाटकापर्यंत जाऊन येते.

कंबरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये त्रिकास्थीचा जेमतेम वरचा भाग येतो. तेव्हा साठी ओलांडलेल्या, विशेषतः स्टिरॉइड वा किरणोपचार घेतलेल्या रुग्णाची चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी 'त्रिकास्थीसह' एवढा एक शब्द वाढवावा, आणि तो नसेल तर तपासणी केंद्राने आपणहून विचारावे, ही विनंती आपल्या स्तंभातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला,
एक वाचक, सांगली