एकाच वर्णनाखाली दोन वेगळ्या गिटार: चुकीच्या माहितीबद्दल तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: सिंथेटिक टॉपच्या इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारबद्दल दिलेली चुकीची माहिती आणि गिटार बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीची गिटार मी कार्बन फायबरच्या टॉपची (टॉप म्हणजे तारांखालची पुढची फळी) म्हणून मागवली. हातात पडली ती एचपीएलची, म्हणजे हाय प्रेशर लॅमिनेटची, आणि त्या लॅमिनेटवर कार्बन फायबरची वीण छापलेली आहे. दुकानाच्या पातळीवर हा विषय सुटला नाही, म्हणून थेट आपल्याला लिहीत आहे.

आपल्या या मालिकेतील दोन मॉडेलांच्या नावात फक्त शेवटच्या अक्षराचा फरक आहे. आकार तोच, नेकजवळचा बॉडीचा खोलगट काप (कटअवे) तोच, काळपट रंगही तोच. दोन्हींच्या माहितीत शब्दशः एकच ओळ आहे: सिंथेटिक टॉप, हवामानाचा परिणाम नाही. किमतीत मात्र मोठा फरक आहे. इतक्या सारख्या दिसणाऱ्या दोन गिटारमधून एक निवडायची तर हा फरक कशाचा, हे कळायलाच हवे. मी आपल्या प्रतिनिधींना तसे लेखी विचारले. उत्तर आले की दोन्हींचा टॉप कार्बन फायबरचाच आहे, महाग मॉडेलला फिनिश वेगळे आहे आणि सोबत गिटार ठेवायची चांगली केस मिळते. मला केस नको होती. त्या उत्तरावर विसंबून मी कमी किमतीचे मॉडेल घेतले.

खरा प्रकार तारा बदलताना लक्षात आला. तारा काढल्यावर साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या, कडेवर उजेड पाडला, तर वरची काळी-करडी वीण कागदाच्या जाडीएवढ्या थरातच संपते. तिच्याखाली तपकिरी, दाबून घट्ट बसवलेले थर दिसतात. आत छोटा आरसा घालून पाहिले, तर टॉपची आतली बाजूही तपकिरी आणि तिला लाकडी एक्स-ब्रेसिंग, म्हणजे X आकारात बसवलेल्या आधाराच्या पट्ट्या, चिकटवलेले. गिटार उजेडात तिरकी केली तरी वीण जशीच्या तशी दिसते. खऱ्या कार्बन फायबरच्या विणीत उभे आणि आडवे धागे आलटून पालटून चमकतात, गिटार जरा हलवली की चमक एका धाग्यावरून दुसऱ्यावर जाते. इथे तसे काहीच होत नाही, कारण तिथे धागाच नाही, छापील कागद आहे. जवळून काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

एचपीएल कसे बनते हे आपल्याला सांगायला नको. फिनोलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या जाड कागदाचे थर, त्यावर मेलामाइन रेझिनमधला छापील कागद, आणि हे सगळे १२० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाला प्रचंड दाबाखाली एकजीव केलेले. फर्निचरवर बसवतात त्या सनमायकाच्याच जातकुळीतली ही वस्तू आहे. छापील कागदावर कोणतेही चित्र येऊ शकते: कोआचे लाकूड, गिटारच्या टॉपला नेहमी वापरतात त्या स्प्रूस लाकडाचे रेषे, किंवा माझ्या गिटारवर आहे तशी कार्बनची वीण. म्हणून नुसत्या छायाचित्रावरून ग्राहकाला काहीही ओळखता येत नाही. त्याला माहितीत लिहिलेल्या ओळीवर आणि आपल्या माणसाच्या शब्दावरच भरवसा ठेवावा लागतो.

हा फरक कागदोपत्री नाही, तो वाजवताना ऐकू येतो. स्प्रूसची घनता साधारण ०.४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते, तर एचपीएलची १.३५ च्या वर, म्हणजे तिपटीहून जास्त. इतका जड टॉप तारेच्या थोड्याशा ताकदीने हलवायचा तर तो पातळ ठेवावा लागतो, आणि पातळ ठेवला की तारांचा ताण पेलायला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. कार्बन फायबरही स्प्रूसपेक्षा जड आहे, पण वजनाच्या मानाने त्याचा ताठपणा फार मोठा. धाग्यांची दिशा आणि थर नीट योजले तर टॉपला ब्रेसिंगची गरजही उरत नाही. रेनसाँग या कार्बन फायबर गिटार बनवणाऱ्या कंपनीच्या गिटार तशाच बनतात. हळू वाजवलेला स्वरही मोकळा सुटावा आणि खालच्या स्वरांच्या जाड तारा दबू नयेत, एवढ्यासाठीच मी कार्बन फायबर निवडले होते. या गिटारवर बोटांनी हलके वाजवले की सहावी, म्हणजे सर्वात जाड तार कोंडल्यासारखी वाजते. जोरात स्ट्रमिंग केले तर आवाज बरा येतो, पण माझे बहुतेक वाजवणे गाण्याच्या साथीचे, मृदू हाताचे आहे.

एचपीएल वाईट आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. १८३३ पासून गिटार बनवणारी मार्टिन कंपनी एक्स मालिकेत एचपीएल वापरते आणि तसे उघड लिहिते. प्रवासात, दमट हवेत, शिकणाऱ्याच्या हातात ही गिटार लाकडी गिटारपेक्षा निर्धास्तपणे वापरता येते, आणि चांगले लाकूडही वाचते. मला एचपीएलच घ्यायची असती तर मी ती आनंदाने, एचपीएल म्हणूनच घेतली असती. आपण मात्र ती दुसऱ्या वस्तूच्या नावाने विकली.

दुरुस्तीचा मुद्दाही लहान नाही. एचपीएलचा पृष्ठभाग लाकडासारखा सरस शोषून घेत नाही, त्यामुळे ब्रिज, म्हणजे टॉपवर तारा अडकवायची पट्टी, उचलला गेला तर तो पुन्हा पक्का चिकटवणे कारागिराला अवघड जाते. टॉपवर खोल ओरखडा गेला तर घासून पॉलिशही करता येत नाही, कारण लगेच खाली तपकिरी थर लागतो. अशा वस्तूची निगा कशी राखायची, हे घेणाऱ्याला आधीच माहीत असायला हवे.

हवामानाचा परिणाम नाही हा आपला दावाही या गिटारला पूर्ण लागू होत नाही. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. हवा त्याहून दमट झाली की टॉप फुगतो आणि अॅक्शन, म्हणजे तारांची नेकपासूनची उंची, चढते, कोरडी झाली की तडे जातात. एचपीएलच्या टॉपला ही भीती फारशी नाही हे खरे. पण या मॉडेलचा नेक, म्हणजे गिटारची लांब मान, लाकडाचा आहे, त्यात ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक जुळवायची धातूची सळई आहे, आणि हवा बदलली की नेक थोडा वाकतोच. माझ्याकडे आल्यापासून एकदा ट्रस रॉड फिरवून घ्यावा लागला. नेक कशाचा आहे हे आपल्या माहितीपत्रकात कुठेही नाही.

तक्रार केल्यावर आपल्या प्रतिनिधींनी सांगितले की गिटार प्लग इन केली की टॉप कशाचा याने फरक पडत नाही. हे अर्धेच खरे आहे. सॅडल म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी; तिच्याखालचा पिएझो पिकअप, म्हणजे दाबाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग, मुख्यतः तारांचा सॅडलवरचा दाब पकडतो, त्यामुळे अॅम्पमधून टॉपचा वाटा कमी ऐकू येतो. पण मी रोजचा रियाज केबल न लावता करते, आणि टॉपचा फरक तिथेच कानाला लागतो. शिवाय हा युक्तिवाद मान्य केला तर महाग मॉडेलचा टॉप वेगळा ठेवण्याचे कारणच उरत नाही. प्लग इन केल्यावरचे सांगायचे तर दुसरी आणि पहिली तार बाकीच्यांपेक्षा दबकी येते. सॅडलच्या खाचेचा तळ सपाट नसला की पिएझोवर दाब सारखा पडत नाही, हे नेहमीचे कारण असते. इथे तेच आहे का, हे आपल्याच तंत्रज्ञाने तपासावे.

माझी मागणी अशी. लेखी उत्तरात कबूल केलेली कार्बन फायबर टॉपची गिटार मला त्याच किमतीत मिळावी. ते शक्य नसेल तर पाठवणीच्या खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी; मला एचपीएलच्या गिटारवर सवलत नको. आणि दोन्ही मॉडेलांच्या माहितीत टॉपचे साहित्य, ब्रेसिंग आहे की नाही, बॉडी आणि नेक कशाचे, नटची (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी, स्केलची (नटपासून सॅडलपर्यंतच्या तारेची) लांबी आणि पिकअपचा प्रकार वेगवेगळा लिहावा. वीण छापील असेल तर ती छापील आहे हेही लिहावे. हा शेवटचा भाग माझी रक्कम परत आली तरी मी सोडणार नाही, कारण ते वर्णन वाचून आजही कोणीतरी या दोनमधून निवड करत असेल.

गिटार मूळ खोक्यात, नव्या तारांसह, सुस्थितीत ठेवली आहे. ती नेण्याची व्यवस्था आपण करावी. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, प्रतिनिधींच्या लेखी उत्तरांच्या प्रती, साउंडहोलच्या कडेची आणि आतल्या ब्रेसिंगची छायाचित्रे, प्लग इन करून सहाही तारा एकेक वाजवलेले ध्वनिमुद्रण